कागदावरचा चौरस

खोलीत चौदा संगणक होते, चौदा झाकणं होती, तेवीस मुलं होती आणि फिरणारे पंखे दोन होते. चालू संगणक एकही नव्हता. मी पुन्हा एकदा मोजून पाहिलं, कारण आपल्याकडून एखादा सुटला असेल असं मला वाटलं. झाकणं निळ्या कापडाची होती, कडेने पांढरी पट्टी शिवलेली आणि प्रत्येकावर दोऱ्याने क्रमांक भरलेला. संगणकांना इतके नीटनेटके कपडे घातलेले मी त्याआधी कुठेच पाहिले नव्हते. मुलं त्यांच्याकडे पाठ करून चटयांवर बसली होती आणि फळ्यावरचा प्रोग्रॅम वहीत उतरवून घेत होती. सगळ्यात लहान मूल नऊ वर्षांचं, सगळ्यात मोठं पंधराचं. फळ्यावर अकरा ओळी होत्या. त्यांतल्या तीन ओळींच्या शेवटी अर्धविराम होता आणि वर्ग चालवणारे मोठे सर तिथे लाकडी पट्टी टेकवून मुलांकडून एका सुरात म्हणवून घेत होते, "अर्धविराम विसरला, अर्धा गुण घसरला."

मी तिथे शिकवायला गेले नव्हते. भाचीला सोडायला गेले होते. भौतिकशास्त्राचं शेवटचं वर्ष संपवून मी ताईकडे राहायला आले होते, पुढचं काम सुरू व्हायला अवकाश होता, आणि रिकाम्या माणसाला घरातली सगळी सोडण्या-आणण्याची कामं मिळतात. भाचीला घरात आणि दारात सगळे टाचणी म्हणतात. ती तेरा वर्षांची आहे, अंगाने बारीक आहे आणि बोलली की टोचते. तिला एक खेळ तयार करायचा होता. त्यात एक पाल भिंतीवरून ट्यूबलाइटपर्यंत जाणार होती आणि खालून एक बाई झाडू घेऊन तिच्या मागे लागणार होती. खेळणाऱ्याने पाल व्हायचं. हा खेळ तिच्या डोक्यात दोन वर्षं तयार होता. पडद्यावर त्यातलं काहीच नव्हतं, कारण तिने अजून पडदाच पाहिला नव्हता.

मोठ्या सरांचा नियम असा होता. आधी कागदावर परीक्षा द्यायची. जो पास होईल त्याने वरच्या वर्गात जायचं, आणि तिथे झाकणं निघायची. नापास झाला तर पुढच्या सुटीत पुन्हा कागद. दुसऱ्यांदा नापास झाला तर नाव कमी. टाचणी मागच्या सुटीत नापास झाली होती. भावोजींनी, म्हणजे तिच्या बाबांनी, तेव्हाच सांगून ठेवलं होतं की यंदा पास झाली तर ठीक, नाहीतर संगणकाचं खूळ बंद आणि सुटीभर हिशेबाचा क्लास. भावोजी बोलले की ते होतं. त्यांचं फर्निचरचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीख त्यांनी कधी मोडलेली नाही. शिक्षेच्या तारखाही ते तशाच पाळतात.

मी सरांना भेटले. त्यांच्याबद्दल खोटं लिहिणार नाही. ते आळशी नव्हते आणि लबाड नव्हते. तीस वर्षं एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅमिंग करून निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग उघडला होता. कचेऱ्यांतून बाद झालेले संगणक त्यांनी स्वतः फिरून गोळा केले होते आणि झाकणं त्यांच्या पत्नीने शिवली होती. एवढा जीव लावून माणूस एवढी चुकीची गोष्ट करू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी विचारलं की मुलांना संगणकावर का बसवत नाही. ते म्हणाले, हात लावला की डोकं चालत नाही. मी म्हटलं, सायकल शिकवताना आपण सायकल झाकून ठेवत नाही. ते म्हणाले, पोहायला शिकवताना आधी काठावर हातपाय हलवायला लावतात. मी म्हटलं, वर्षभर लावत नाहीत. यावर ते हसले. मला हसण्यावारी नेलेलं चालतं, पण त्यांनी माझ्यासाठी चहाही मागवला आणि मग माझं बोलणं संपलं असं गृहीत धरलं. त्याचा मला जास्त राग आला.

खरा वाद संगणकाच्या भाषेवर झाला. सर सी प्लस प्लस शिकवत होते. नऊ वर्षांच्या मुलालाही. त्यांचं म्हणणं होतं की जगातली मोठी कामं ज्या भाषेत होतात ती सोडून आमच्या मुलांनी बोबडी भाषा का शिकायची. मी म्हटलं की भाषा वाईट नाही, ती मोठ्या माणसांच्या मोठ्या कामांसाठी केलेली आहे. ट्रक रस्त्यावर सगळ्यात जास्त माल नेतो म्हणून पहिली चालवण्याची शिकवणी कोणी ट्रकवर घेत नाही. मुलाची पहिली भाषा निवडताना मी तीनच गोष्टी बघेन. मूल बसल्यापासून त्याच्या मनातली गोष्ट पडद्यावर दिसेपर्यंत किती वेळ जातो. चूक झाली तर ती त्याची त्याला दिसते का. आणि एक आकडा बदलला तर काय बदललं हे लगेच कळतं का. लहानांना ठोकळ्यांची भाषा द्यावी. तिच्यात सूचना रंगीत ठोकळ्यांवर आपल्याच भाषेत लिहिलेल्या असतात आणि त्या एकाखाली एक अडकवायच्या असतात. मोठ्यांना पायथन द्यावी, कारण तिच्यात एका ओळीत एक गोष्ट घडते. पहिला प्रोग्रॅम चालवण्याआधी पाच अगम्य ओळी पाठ कराव्या लागत नाहीत.

"पाठ करण्यात वाईट काय आहे?" सर म्हणाले. "पाढे पाठ केले नाहीत तुम्ही?"

मी म्हटलं, केले, पण माझ्या आईने मला बोटांवर मोजायला बंदी केली नव्हती.

शेवटी मी प्रयोग मागितला. सरांना प्रयोग हा शब्द आवडत असावा, कारण ते लगेच हो म्हणाले. त्यांनी मला मोडक्या खुर्च्या ठेवायची बाजूची खोली दिली, तीन संगणक दिले आणि आठ मुलं दिली. आठही मुलं मागच्या परीक्षेत सगळ्यात खाली होती. टाचणी त्यांत होतीच. हे कसलं वाटप, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले की हुशार मुलांचं नुकसान ते होऊ देणार नाहीत. सुटी संपताना दोन्ही खोल्यांची परीक्षा घेऊ, ज्या खोलीतली मुलं जास्त पास होतील त्या खोलीची भाषा पुढे चालवू. कसली परीक्षा, मी विचारलं. "नेहमीची," ते म्हणाले. त्यांनी एवढंही सांगून ठेवलं की भाची तुमच्याच खोलीत आहे, तेव्हा पेपर मी तपासेन. ते मला पटलं. मोजणाऱ्याचा जीव निकालात अडकला असेल तर मोजमाप दुसऱ्याकडे द्यावं, हे मीही शिकले होते.

खुर्च्या आम्ही भिंतीला लावल्या. झाकणं काढून टाचणीने त्यांची नीट घडी केली, आणि मग तिन्ही संगणक एकाच वेळी सुरू झाले तेव्हा आठही मुलं पडद्यांभोवती गोळा झाली. नऊ वर्षांच्या एका मुलाने हळूच विचारलं, "मावशी, हात लावू?" दुसऱ्या दिवसापासून सगळी खोली मला मावशी म्हणायला लागली. सर दारातून म्हणायचे, "मावशी नाही, मॅडम म्हणा," आणि मुलं म्हणायची, "हो सर. मावशी, हे बघ ना."

पहिल्या सकाळी आठही मुलांनी ठोकळे एकाखाली एक अडकवून पडद्यावरचं चित्रातलं मांजर चालवून दाखवलं. सगळ्यात उशीर लागलेल्या मुलालासुद्धा वीस मिनिटं पुरली. शेजारच्या खोलीत तेव्हा कंस का द्यायचा हे फळ्यावर चाललं होतं.

टाचणीने चौरस पटकन काढला. चार वेळा, शंभर पावलं पुढे, नव्वद अंश वळ. मग तिला त्रिकोण काढायचा होता. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा हे तिला शाळेत शिकवलेलं होतं, म्हणून तिने नव्वदच्या जागी साठ घातलं आणि तीन वेळा चालवलं. त्रिकोण झालाच नाही. रेषा फाकून बाहेर गेली, अर्धी राहिलेल्या बांगडीसारखी. टाचणी म्हणाली, संगणक वेडा आहे. मी म्हटलं, असेल, तू चालून बघ. तिने खडूने फरशीवर त्रिकोण काढला आणि त्यावरून चालायला लागली. पहिल्या कोपऱ्यावर ती थांबली, वळली, परत सरळ झाली, पुन्हा वळली. असं तिने बराच वेळ केलं. मग म्हणाली, "मावशी, मी नुसती वळत नाहीये. मी जवळजवळ मागे फिरतेय." तिने साठच्या जागी एकशे वीस घातलं. त्रिकोण झाला. यानंतर जो कोणी अडायचा त्याला ती सांगायची, "कोनाला विचारू नको, पायांना विचार." ज्या मुलीला मागच्या वर्षी शंभरपैकी एकोणीस गुण होते, तिने बाहेरचा कोन स्वतःच्या तळव्यांनी शोधला होता. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, छान, पण ही भूमिती झाली.

घरीही फार वेगळं नव्हतं. ताई टाचणीचं सगळं ऐकून घ्यायची. भावोजी ऐकायचे आणि हसायचे. घराखालीच त्यांचं दुकान आहे. एकदा मी जेवायला बोलवायला खाली गेले, तर ते खिडकीची एक चौकट तपासत होते. चौकट जमिनीवर आडवी होती. टाचणीने टेपचं एक टोक एका कोपऱ्यावर दाबून धरलं होतं आणि भावोजींनी समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप ओढला. मग दोघांनी न बोलता जागा बदलल्या आणि दुसरे दोन कोपरे मोजले. हे काम ती पाच वर्षांची असल्यापासून तिचं आहे. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. एक मिलिमीटरचाही फरक असला तर चौकट तिरकी, आणि तिरकी चौकट भावोजी दुकानाबाहेर पडू देत नाहीत. बाजू मोजून कळत नाही का, असं मी विचारलं. "बाजू सारख्या असल्या तरी चौकट कलंडू शकते," ते म्हणाले. "कर्ण खोटं बोलत नाही."

मग त्यांनी माझ्या खोलीची चौकशी केली. मी ठोकळ्यांचं सांगितलं.

"ठोकळे?" ते म्हणाले. "ती तीन वर्षांची होती तेव्हा माझ्याच दुकानातले खेळायची. तेव्हा कोणी तिला इंजिनिअर म्हणालं नाही."

टाचणीने टेप सोडला. तो सुळकन आत गेला आणि भावोजींच्या अंगठ्याला लागला. चुकून सुटला, असं ती म्हणाली.

परीक्षेच्या आठवड्यात कळलं की नेहमीची म्हणजे नेहमीची. कागद, पेन, दोन तास. प्रश्न दर सुटीत एकच असायचा, फळ्यावरच्या त्या अकरा ओळींचा: चौरस काढणारा प्रोग्रॅम लिहा. मी सरांकडे गेले. ठोकळ्यांचा प्रोग्रॅम शाईने लिहायचा कसा, असं मी विचारलं. तो चालवून बघायचा असतो. मुलं संगणकावर बसतील, तुम्ही समोर उभे राहा, दुसरा आकडा सांगा, मोठा चौरस मागा, लहान मागा. सर म्हणाले, "जी कागदावर उतरत नाही ती भाषा नाही, खेळणं आहे." मी म्हटलं की प्रयोग मोडतो आहे, तापमान मोजायचं ठरवून तुम्ही वजनकाटा आणता. ते म्हणाले की दोन्ही खोल्यांना काटा तर एकच आहे, यात अन्याय कुठे. मला उत्तर येत होतं आणि रागाने ते नीट मांडता येत नव्हतं. जिना उतरून खाली आल्यावर ते सुचलं: मासा आणि माकड दोघांना एकाच झाडावर चढायला सांगणं हा समान न्याय नव्हे. पण तेव्हा ऐकायला वाचनालयाची मांजर सोडून कोणी नव्हतं.

परीक्षा कागदावरच होणार, हे मी मुलांना खरं ते सांगितलं. पाच जणांनी ठोकळ्यांवरची वाक्यं लिहिली. तिघांनी रंगीत पेन्सिली नेल्या, आणि टाचणी त्यांत होती.

निकालाच्या सकाळी पालक आले होते. संगणकांवर झाकणं होती आणि झाकणांना इस्त्री केलेली होती. माझ्या आठही मुलांना शून्य मिळालं होतं. मी टाचणीचा पेपर हातात घेतला. तिने पानावर ठोकळे काढले होते, एकात एक नीट अडकवलेले: हिरव्या ठोकळ्यावर पेन खाली, म्हणजे रेघ ओढायला लाग, नारिंगीवर चार वेळा, त्याच्या पोटात दोन निळे, दोनशे पावलं आणि नव्वद अंश. चौरस मोठा दिसावा म्हणून तिने शंभरचे दोनशे केले होते. खाली लाल शाईत सरांनी लिहिलं होतं: चित्रकला. रंगसंगती चांगली.

मी ते तीन शब्द पुन्हा वाचले. सर तिची थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच तिथे चित्र दिसलं होतं. मुलीने प्रोग्रॅम लिहिला होता, तो योग्य होता, आणि ज्याला तो वाचता येत नव्हता त्याने तिला शून्य दिलं होतं.

सरांच्या खोलीतली पंधरापैकी अकरा मुलं पास होती. पहिली आली होती ती एक चौदा वर्षांची मुलगी, तिला सगळे झेरॉक्स म्हणायचे, कारण तिचं उत्तर सरांच्या नमुना उत्तराशी अक्षर न अक्षर जुळायचं. तिला अठ्ठ्याण्णव गुण होते. दोन गुण अक्षरासाठी कापले होते. तिच्या शेजारी वकील बसला होता, प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालणारा मुलगा. तो नापास होता. त्याने सुरुवातीच्या ओळी घरी कुठेतरी पाहून वेगळ्या लिहिल्या होत्या, आणि सरांनी त्यांवर लाल फुल्या मारून लिहिलं होतं: मनाचं लिहू नये.

भावोजी आले तेच घड्याळ बघत. त्यांनी पेपर पाहिला, टाचणीकडे पाहिलं आणि दप्तर उचल म्हणाले. तिने उचललं. ती रडली नाही. मला म्हणाली, "मावशी, पालीचं राहू दे." तिथे माझा तोल गेला.

मी सगळ्यांसमोर सरांना म्हटलं, "हे पेपर चालवून दाखवा."

पेपर चालवत नाहीत, तपासतात, असं कुणीतरी वडीलधारं मागून म्हणालं. मी म्हटलं, निबंध तपासतात. प्रोग्रॅम चालतो किंवा चालत नाही. इथे अकरा जण पास आहेत, त्यातला एक चालवून दाखवा. सगळ्यात चांगला घ्या. अठ्ठ्याण्णववाला घ्या. सर म्हणाले की इतकी वर्षं वर्ग चालवतोय, अशी मागणी कोणी केली नाही. तेच तर म्हणतेय, मी म्हणाले. इतकी वर्षं ही अकरा ओळींची आरास तुम्ही मुलांकडून पाठ करून घेताय आणि ती एकदाही कुठल्या संगणकाला दाखवली नाही. वरच्या वर्गात तुम्ही तयार प्रोग्रॅम उघडून देता आणि मुलं त्यातले आकडे बदलतात. पहिल्या ओळीपासून स्वतः टाइप केलेला एक प्रोग्रॅम मला या खोलीतून दाखवा. माझा आवाज चढला होता. ताई तिथे असती तर तिने मला चिमटा काढला असता.

भावोजी दारात थांबले होते. त्यांना माझी बाजू पटली होती असं नाही. पण माल न तपासता पास करणं हे त्यांच्या रक्तात नाही. "सर, लावून बघायला काय जातं?" ते म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

सरांनी पहिल्या क्रमांकाचं झाकण स्वतः काढलं. झेरॉक्स खुर्चीत बसली. तिने कीबोर्डला आयुष्यात पहिल्यांदा हात लावला होता, तेव्हा दोन मिनिटांची बरीच मिनिटं झाली. अकरा ओळी टाइप झाल्या, तिन्ही अर्धविराम जागेवर होते. तिने चालवायचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत चुकांची माळ उतरली. झेरॉक्सने पुन्हा दाबलं. पुन्हा माळ. ती सरांकडे बघून म्हणाली की तिने एकही अक्षर बदललं नाही. सरांनी चष्मा लावला, वाचलं, आणि हा संगणक बिघडला असेल म्हणाले. दुसऱ्या क्रमांकाचं झाकण निघालं. तिथे तेच झालं.

संगणक बिघडला नव्हता. नमुना उत्तर पंचवीस वर्षांपूर्वीचं होतं. त्याची सुरुवात तेव्हाच्या पद्धतीची होती आणि ती पद्धत भाषेने केव्हाच टाकून दिली होती. सर कंपनीत शिकले तेव्हा ते बरोबर होतं. निवृत्त होईपर्यंत ते दुसरीच कामं बघत होते, आणि वर्गात तर संगणक झाकलेलेच होते, तेव्हा चूक दिसणार कुठून. मी वकिलाला बोलावलं. त्याने लाल फुल्या मारलेल्या आपल्या ओळी वर घातल्या. प्रोग्रॅम चालला. वकील काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत मी हे एकदाच पाहिलं.

पडद्यावर ताऱ्यांचा चौरस उमटला होता. दहा ओळी, ओळीत दहा तारे. सरांच्या चेहऱ्यावर थोडा रंग परतला. पण काळ्या पडद्यावर अक्षर जितकं रुंद असतं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच असतं. फळ्यावर चौकोनी दिसणारी गोष्ट इथे लांबट, उभी झाली होती. भावोजी वाकून बघत राहिले.

"हे दार झालं," ते म्हणाले.

सगळे हसले. सर हसले नाहीत. तर्काने तो चौरसच आहे, असं ते म्हणाले, दहा गुणिले दहा. भावोजी म्हणाले की असेल, पण मी असं दिलं तर गिऱ्हाईक घेणार नाही.

मग मी टाचणीचा पेपर पुढे केला. टाचणी पुढे यायला लागली, तर सरांनी तिला हाताने थांबवलं. तिने बसायचं नाही आणि मीही बसायचं नाही, असं ते म्हणाले; आम्हा दोघींना ते येतं, आम्ही सुधारून घेऊ. ते बरोबर होतं. मी ठोकळ्यांची भाषा उघडून दिली आणि बसशील का, असं झेरॉक्सला विचारलं. तिने ठोकळे कधी पाहिले नव्हते. तिने पेपर मांडीवर घेतला, आणि रंग बघून ठोकळा शोधायचा, उचलायचा, अडकवायचा, असं करत गेली. एकदा तिने निळा ठोकळा नारिंगीच्या बाहेर लावला. तो पोटात हवा होता हे चित्राकडे बघून तिचं तिलाच कळलं. ती मला काहीच विचारत नव्हती. शेवटचा आकडा घालून ती म्हणाली, "झालं? एवढंच?"

टाचणी म्हणाली, "आता चालवायला तो हिरवा झेंडा दाब, ताई."

पडद्यावर रेषा निघाली, वळली, वळली, वळली आणि जिथून निघाली होती तिथे येऊन थांबली.

सर मागे उभे होते, हातात निळं झाकण होतं. ते म्हणाले की चौरस दिसतोय खरा. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, पण मान्यताही नव्हती. मागच्या बाजूला एक पालक म्हणाले की खेळण्यातही चौरस निघतो, त्यात काय. मी तोंड उघडलं, पण भावोजींनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. त्यांनी खिशातून टेप काढला होता.

"सर, दिसण्यावर आम्ही माल सोडत नाही," ते म्हणाले. "बाजू चारही दोनशे पावलांच्याच आहेत, तेव्हा कर्ण मोजतो. सारखे आले तर माझी मुलगी पास, आणि तिला या खोलीत बसवायची. वेगळे आले तर मीच तिला घेऊन जातो, तुम्हाला नाव कमी करायचा त्रास नको."

"आणि झाकण काढून बसवायची," टाचणी म्हणाली.

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. "आणि झाकण काढून," ते म्हणाले.

सरांनी झाकणाची घडी घातली आणि ती टेबलावर ठेवली. "मोजा," ते म्हणाले.

टाचणीने दप्तर खाली ठेवलं, पुढे आली आणि टेपचं टोक पडद्यावरच्या चौरसाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठ्याने धरलं. काच दाबू नको, भावोजी म्हणाले. ते वाकले, टेप वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत नेला, एक डोळा मिटून आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला. मग दोघांनी न बोलता जागा बदलल्या.

पहिला कर्ण एकशे अडतीस मिलिमीटर. दुसरा कर्ण एकशे अडतीस मिलिमीटर.